यंत्र चहाचं विचारत नाही

डॉ. टिल्लूंच्या रक्ततपासणी प्रयोगशाळेत मुलाखतीला गेलेला माणूस घामाघूम होऊनच बाहेर यायचा. हर्षलाच्या अर्जात ‘रुग्णांशी संवादाचं कौशल्य’ असं वाचताच ते गरजले, "इथे गप्पा नकोत. रक्त घ्या, यंत्रात घाला. यंत्र चुकत नाही!"

हर्षलानं धीर करून विचारलं, "सर, सकाळपासून काही खाल्लंत?"

"कुठलं! पोटात अन्नाचा कण नाही."

"आणि चहा?"

"तो झाला की! दोन कप, चांगला गोड."

"मग आत्ता तुमची उपाशीपोटीची साखर तपासली, तर हे न चुकणारं यंत्र तुम्हाला मधुमेही ठरवून मोकळं होईल. यंत्र चहाचं विचारत नाही, सर."

टिल्लू खो खो हसले, तेव्हा कुठे हर्षलाच्या जीवात जीव आला.

"सोमवारपासून या," ते म्हणाले. "आणि आता निवांत चहा घ्या, रक्त कुणी काढणार नाही!"