वाघाला बोलावणं

फार मागे आमच्या गावाशेजारच्या रानात वाघ दिसला की झाडावरची वानरं ओरडायची आणि चितळं पळून जायची. उपाशी वाघ शेवटी कंटाळून डोंगरापलीकडे गेला. मग काय, चितळं इतकी वाढली की गवत संपलं, कोवळी रोपंही संपली. ठिपकी नावाच्या हरणीला दूध येईना, तिचं पाडस वाळत चाललं.

ती वाघाकडे गेली, पण शहाणी ती, मधल्या ओढ्याच्या अलीकडेच थांबली. "वाघोबा, परत चला. मात्र गाभणीला, लेकुरवाळीला हात लावायचा नाही. वानरं एक दिवसाआडच ओरडतील, मधल्या दिवशी तुमची शिकार."

वाघ हसला. "आणि पाडस मोठं झाल्यावर तुझीच पाळी आली तर गं?"

ठिपकीने मागे उजाड रानाकडे पाहिलं.

"पळेन की! पण पोटभर चरून पळेन."