कलागने कापलेलं कापड

इथून जरा जपून चला. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला दरी, आणि आमच्या तुबाकोल गावाला जायला आजही हीच एक वाट. आज वर आमच्या घरी कापड मागावरून उतरणार आहे, म्हणून माझे पाय ठरत नाहीत. पण या जागेची हकिकत ऐकल्याशिवाय मी कुणालाच पुढे नेत नाही.

असं सांगतात की तेव्हा आमचं आणि डोंगरापलीकडच्या गावाचं हाडवैर होतं. एकदा आमची तरणी माणसं दूरच्या शेतांवर कापणीला गेलेली, घरी उरले म्हातारे आणि पोरं. नेमका तेव्हाच पलीकडचा म्होरक्या कलाग तीस भालेवाले घेऊन निघाल्याचं कळलं. सुबिल नावाच्या विणकरणीने शेतावर निरोप धाडला आणि आपला माग उचलून थेट या वाटेवर मांडला. आमच्या मिंदानाओच्या डोंगरात मागाचं एक टोक झाडाला बांधतात, दुसरं बाईच्या कमरेला, आणि मधे अबाकाच्या झाडाचे ताणलेले धागे. झाली वाट बंद!

मागावरचं कापड ओलांडणारा जगत नाही, असं आम्ही मानतो. पलीकडचेही मानत. अर्धवट कापड तोडणं तर त्याहून वाईट. तीस भालेवाले एका बाईसमोर उभे, आणि पुढे व्हायची एकाचीही छाती होईना. मला हे सांगताना अजून हसू येतं. कलागने विचारलं, किती राहिलंय. ती म्हणाली, दोन हात. मग काय करतात, बसले बिचारे.

अबाकाचा धागा उन्हात पटापट तुटतो. तुटलेला प्रत्येक धागा सुबिल सावकाश गाठायची, पुन्हा पुन्हा ओढून बघायची. तरी तिसऱ्या दुपारी शेवटचा धागा ठोकून झाला. शेतांकडून कुणीच आलं नव्हतं. आता कापड उतरलं की पोरांपर्यंतची वाट मोकळी. तरी उठायचं सोडून ती एकेक गाठ पुन्हा तपासत बसली म्हणे.

कंटाळलेला कलाग तावातावाने पुढे झाला. कमरेचा कोयता उपसून त्यानेच कापड कापलं, आणि ते त्याच्याच हातात पडलं.

त्याच्या माणसांतल्या एका म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला. कापड मागावरून उतरवायचा मान दोन्ही गावांत विणकरणीच्या भावाचा, दुसऱ्या कुणाचा नाही. घाईत हे कलागच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

सुबिलने कमरेला बांधलेला मागाचा पट्टा सोडला.

"दादा," ती म्हणाली, "घरी चल. भात टाकते."

कलागने कोयता परत कमरेला लावला. मग तीसही जण तिच्यामागून गेले आणि पोटभर जेवून परतले, असं सांगतात.

आजही पलीकडचं माणूस आल्याशिवाय आम्ही कापड उतरवत नाही, सख्खा भाऊ दारात उभा असला तरी नाही. माझ्या नातीचं पहिलं कापड कालपासून पुरं होऊन थांबलंय. सकाळपासून पोरीने दहादा तरी मला वाटेवर पाठवलं असेल. आणि तो बघा, खालच्या वळणावर कोयता लावून कोण येतोय. कड्याला चिकटून उभे राहा सगळे, त्याला आधी जाऊ द्या.