हत्तीची शिडी आणि दिवाणजींचे तीन शब्द

"पांगळ्या-आंधळ्यांना मदतीचं फर्मान काढलं, पण तीन वर्षांत एकही अर्ज नाही! म्हणजे आमच्या राज्यात कुणाला काही अडचणच नाही!" राजा गजपाल मिशीवर ताव देत म्हणाला.

"एक आलाय, महाराज!" दारातून आवाज आला.

साळू कुंभारीण कुबडी टेकत आत आली. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय लुळा पडला होता. जीभ मात्र शाबूत होती.

"बाजाराच्या ओट्याला उतार करून द्या," ती म्हणाली. "पाच उंच पायऱ्या मला चढवत नाहीत. मी खाली धुळीत बसते आणि बैल माझी मडकी तुडवतात. असंच चाललं तर संक्रांतीआधी चाक विकायची वेळ येईल."

दिवाण अनंतशास्त्री खाकरले. "फर्मानात सर्व आहे. सुगम्यता, साहाय्यक साधन, वैयक्तिक साहाय्य! ज्याला अर्थ ठाऊक, त्यालाच लाभ."

हे फर्मान दवंडीवाल्याने चौकात वाचलं, तेव्हा लोकांना ते कसलं तरी स्तोत्र वाटलं. त्यांनी भक्तिभावाने हात जोडले आणि घरी गेले. अर्ज येणार कुठून?

राजाला गंमत सुचली. "साळू, तिन्ही शब्द मला कळतील असे सांग. दाखला मात्र या दरबारातलाच हवा. स्वतःचा नाही, दुसऱ्या कुणा पांगळ्या-आंधळ्याचाही नाही! जमलं तर उतार. नाही तर ओट्याचं नाव काढायचं नाही!"

इथे तर सगळे धडधाकट! साळूने चहूकडे पाहिलं. खिडकीबाहेर राजाचा हत्ती डुलत होता. ती एकदम हसली.

"महाराज, हत्तीवर कसे चढता?"

"शिडीने!"

"उडी का नाही मारत?"

"वेडी का काय तू? हत्ती केवढा, मी केवढा!"

"हत्तीला शिडी, तसा ओट्याला उतार. ज्याला यायचंय त्याला येता येईल अशी जागा करायची. ही झाली सुगम्यता! आता, नाकावर काय आहे?"

"चष्मा. त्याशिवाय अक्षर दिसत नाही."

"ते साहाय्यक साधन. माझी कुबडीही तेच. तुमच्याला सोन्याची काडी आहे, एवढंच! पगडी कोण बांधतं?"

"हुजऱ्या."

"अंगरख्याचे बंद?"

"तोच."

"आणि जोडे?"

राजाचा आवाज जरा खाली आला. "त्याला दुसरा हुजऱ्या आहे."

"आपल्याला जमत नाही ते आपण सांगू तसं दुसऱ्याने करून द्यायचं, हे वैयक्तिक साहाय्य! महाराज, या फर्मानाचा सगळा लाभ राज्यात एकच माणूस घेतोय. आणि त्याने तर अर्जही केलेला नाही!"

राजाने आपल्या जोड्यांकडे पाहिलं आणि तो असा खदखदून हसला की पगडीच कलली. ती सावरायला दोन्ही हुजरे धावले, तसा तो आणखीच हसला.

"उद्याच उतार बांधा!" तो डोळे पुसत म्हणाला. "आणि यापुढे प्रत्येक फर्मान दिवाणजींनी आधी ओट्यावर जाऊन साळूला वाचून दाखवायचं. तिला कळलं तरच दवंडी! तिला दरमहा मानधन द्या."

"परंतु महाराज, तत्संबंधी प्रशासकीय औचित्याच्या अनुषंगाने..." दिवाणजी उठले.

"कळलं नाही!" साळू म्हणाली.

राजाची पगडी पुन्हा कलली.