मोटारीला छप्पर, सामानाला भिंती

मोटारखाना तिसऱ्यांदा बांधून झाला आणि मोटार तिसऱ्यांदा बाहेरच राहिली!

देवकुंडी संस्थानचे राजे भुजंगराव उंबराखाली उभे राहून आपल्या नव्याकोऱ्या मोटारीकडे बघत होते. टपावर पिकल्या उंबरांचा सडा पडला होता आणि वर कावळे बसले होते.

"रखमाजीला बोलवा!" राजे गरजले.

रखमाजी गवंडी धावत आला. तीनही मोटारखाने त्यानेच बांधले होते. पहिला त्याने मोटारीच्या मापाने बेतला. मोटार आत गेली, पण दोन्ही बाजूंना भिंती अशा भिडल्या की दारच उघडेना. राजेसाहेबांना खिडकीतून ओढून काढावं लागलं, पागोटं मात्र आतच राहिलं.

मग दुसरा बांधला, चांगला ऐसपैस. राजांच्या मातोश्री आईसाहेब तो बघायला आल्या. "एवढी जागा रिकामी?" म्हणाल्या आणि मोडक्या दांड्याची पालखी 'दोन दिवसांसाठी' आत ठेवली. पालखीला सोबत म्हणून अंबारी आली. तिच्यामागून फाटके तंबू, राजांचा लहानपणीचा पाळणा, कान तुटलेली पातेली. वाड्यात टाकून कधी काही दिलंच नव्हतं. शेवटी मोटार बाहेर आली.

तिसरा तर दरबाराएवढा बांधला. तो मोटार धुऊन होईपर्यंतच भरला!

"नीट ऐक, रखमाजी," राजे म्हणाले. "दसऱ्याला मोटार छपराखाली दिसली पाहिजे. आईसाहेबांची एक वाटीसुद्धा टाकायची नाही. त्यांना 'नको' म्हणायचं नाही. दारावर पहारा नाही, कुलूप नाही. आणि मोटारीशेजारी सामान दिसता कामा नये!"

"सरकार, हे जमायचं कसं?"

"नाही जमलं, तर वाड्यालगतचं तुझं घर पाडून तिथे मोटार ठेवीन!"

कारभारी नारोपंतांनी लगेच मान डोलावली. "उत्तम! सरकारांनी प्रश्न मुळापासूनच सोडवला."

घरी आल्यावर रखमाजीने सगळा हुकूम सांगितला आणि जेवणाचं ताट दूर सारलं. त्याची मुलगी ठकू बापाबरोबर चुना मळायला जायची. ती म्हणाली, "आबा, तुम्ही दर वेळी मोटारीचं माप घेतलंत. सामान येतं कुठून ते मी जरा बघून येते."

दुसऱ्या दिवशी ती वाड्यात गेली. आईसाहेब एक लंगडी समई मोटारखान्याकडे पाठवत होत्या.

"आईसाहेब, समई चांगली जड आहे," ठकू म्हणाली. "दिवाणखान्यात का नाही ठेवत?"

"अगंबाई! दिवाणखान्यात? पाय मोडलाय तिचा. चारचौघांनी बघितलं तर काय म्हणतील?"

"मग टाकून द्यायची?"

"टाकायची कशी? लागेल कधीतरी!"

ठकू हसत घरी आली. "आबा, उठा! भिंतींचा दगड नको आणायला. चार खांब पुरेत!"

दसऱ्याच्या दिवशी राजे लवाजम्यासह वाड्याच्या पुढच्या फाटकापाशी आले आणि थबकले. बाजारपेठेच्या अगदी समोर चार दगडी खांबांवर कौलारू छप्पर उभं होतं. खाली मोटार लखलखत होती. भोवती सगळा बाजार गोळा झाला होता.

"भिंती कुठे आहेत?" राजे ओरडले.

"बांधल्याच नाहीत, सरकार," ठकू पुढे होऊन म्हणाली.

"आणि दार?"

"भिंतच नाही, तर दार कशाला लावू?"

"उद्धट कार्टी!" नारोपंत ओरडले. "सरकारांनी मोटारखाना सांगितला होता, मांडव नव्हे!"

"सरकारांनी छप्पर सांगितलं होतं, पंत. भिंतीचा हुकूम मी तरी ऐकला नाही. पाऊस आत येऊ नये म्हणून वळचण चांगली खाली उतरवलीय."

"आणि सामान येऊ नये म्हणून काय केलंस?" राजांनी विचारलं.

उत्तर द्यायची वेळच आली नाही. समोरून आईसाहेब येत होत्या! मागे दोन गड्यांच्या खांद्यावर तळ गेलेला हंडा होता. रखमाजीने डोळे मिटून घेतले.

"बाई गं, किती मोकळी जागा!" आईसाहेब म्हणाल्या. "ठेवा रे तिथे, मोटारीच्या पलीकडे."

गडी पुढे सरकले. तेवढ्यात आईसाहेबांची नजर वर गेली. समोर कासार उभा, वाणी उभा, भाजीवाल्या उभ्या. सगळे हंड्याकडेच टक लावून बघत होते. एकीने तर वाकून त्याच्या भोकातून पलीकडे पाहिलं!

आईसाहेबांनी पदर सावरला. "मेल्यांनो, इथे कशाला आणलात? मागे न्या! त्या जुन्या मोटारखान्यात ठेवा आणि दार ओढून घ्या!"

हंडा आला तसा परत गेला.

राजांनी आईसाहेबांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिलं, मग ठकूकडे. "पोरी, माप तरी कसं धरलंस?"

"मोटारीची दारं उघडून धरलं, सरकार. ते सोपं होतं. सामानाला मात्र मापच नाही, जेवढ्या भिंती बांधाव्या तेवढं ते वाढतं. पण लोकांनी बघावं म्हणून आपण मोटार घेतलीत आणि लोकांनी बघू नये म्हणून आईसाहेब सामान ठेवतात. मग ज्याचं त्याला दिलं, मोटारीला छप्पर, सामानाला भिंती!"

राजे खो खो हसत सुटले. हसता हसता त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला. नारोपंतही हसले, पण राजांनंतर.

"रखमाजी, तुझं घर तुझंच, शिवाय वाड्याचं सगळं बांधकाम यापुढे तुम्हा दोघांकडे!" राजे म्हणाले. "आणि पोरी, तुला बक्षीस काय देऊ? जा, त्या जुन्या मोटारखान्यातलं हवं ते उचलून ने!"

ठकूने घाईघाईने हात जोडले. "नको, नको, सरकार! मग आबांना घर मोठं बांधावं लागेल!"

राजे पुन्हा हसले. त्यांनी मोटारीचं दार स्वतःच्या हाताने सताड उघडलं, बापलेकीला मागच्या गादीवर बसवलं आणि बाजारातून वाजतगाजत घरी पोचवलं.