गोलरक्षकाचा अबोला

एकदा एका वृद्ध फुटबॉल प्रशिक्षकांनी आपल्या सर्वोत्तम शिष्याला, त्याच्या आयुष्यातील सर्वोत्तम सामन्यानंतर, संघाबाहेर बसवले.

तो शिष्य गोलरक्षक होता. आदल्या रविवारचा त्याचा खेळ पाहून प्रतिस्पर्धी संघाचे समर्थकही उठून उभे राहिले होते. फटक्यामागून फटके येत होते आणि हा कधी झेपावून, कधी जमिनीला घासत जाऊन, कधी केवळ बोटांच्या टोकांनी ते परतवीत होता. सामना एका गोलने जिंकल्यावर लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. वर्तमानपत्रात हवेत आडवा झालेला त्याचा फोटो आला. त्याच आठवड्यात निरोप आला, की एका मोठ्या व्यावसायिक क्लबचे निवडकर्ते पुढचा सामना पाहायला येत आहेत. ते कोणासाठी येत आहेत हे सांगण्याची गरज नव्हती. गोलरक्षकाने तिशी गाठली होती. असे बोलावणे पुन्हा येईल, असे वय ते नव्हे.

सामन्याच्या आदल्या दिवशी प्रशिक्षकांनी संघ जाहीर केला. गोलरक्षणासाठी त्यांनी राखीव खेळाडूचे, इस्माईलचे, नाव घेतले.

संघाचे अध्यक्ष जवळच उभे होते. "सर, थट्टा करताय काय?"

"नाही."

"अहो, माणसं उद्या त्याला बघायला येणार, आणि तुम्ही ह्याला उभा करताय? ह्याच्या हातातून चहाचा कपसुद्धा निसटतो."

"खरं आहे ते," इस्माईल स्वतःच म्हणाला. दोघे-तिघे हसले. शिष्य हसला नाही.

"उद्या इस्माईलच खेळेल," प्रशिक्षक म्हणाले.

"वय झालं तुमचं सर. दुसरं काय म्हणणार?" अध्यक्ष निघून गेले.

घरी जाताना ते वाक्य प्रशिक्षकांना खरे वाटू लागले. आपण शिकवीत आहोत, की केवळ अधिकार गाजवीत आहोत? एखाद्याच्या आयुष्यातील एकमेव संधी धडा म्हणून वापरण्याचा हक्क गुरूला असतो का? त्यांना एवढेच कळत होते, की जे सांगायचे आहे ते सांगून पटलेले नाही. आता ते ऐकवावे लागेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली जागा सहायकाकडे सोपवली आणि शिष्याला घेऊन ते इस्माईलच्या गोलजाळीमागे जाऊन बसले.

"डोळे मीट," ते म्हणाले. "नुसतं ऐक."

"माझं सगळं गेलं सर. आता ऐकायचं काय राहिलंय?" असे म्हणत का होईना, त्याने डोळे मिटले.

आधी गर्दीचा गोंगाटच ऐकू आला. मग त्यातून इस्माईलचा आवाज वेगळा होत गेला. तो थांबतच नव्हता. "दिगू, मागनं माणूस आला. डाव्या अंगाला सरक. आणखी. हां, आता काढ. चला, सगळे वर चला. दिगू, पाठ नको फिरवू. सोड, सोड, माझा आहे."

शिष्याने डोळे उघडले. दिगू हा संघाचा मधला बचावपटू. त्या आवाजाच्या आधाराने तो सरकत होता, वळत होता, आणि हल्ला गोलपर्यंत पोहोचण्याआधीच विरून जात होता. मध्यंतरानंतर दोघे दुसऱ्या टोकाच्या जाळीमागे गेले. तिथेही तेच. एकदा एक साधा फटका इस्माईलच्या हातून निसटला, तो दिगूनेच धावत येऊन बाहेर काढला. "वाचवलंस रे बाबा," इस्माईल म्हणाला, आणि लगेच पुढचे सांगू लागला. प्रेक्षक कंटाळले होते. निवडकर्ते तर केव्हाच उठून गेले होते.

"गेल्या रविवारी तुझ्यावर एवढे फटके का आले?" प्रशिक्षकांनी विचारले.

शिष्य दिगूकडे बघू लागला.

"दिगू तुला सगळ्यांसमोर म्हणाला होता, 'नुसता बोंबलत असतोस, कधीतरी हातानं अडव की.' ते तुला लागलं, आणि लागण्यासारखंच होतं. तेव्हापासून तू त्याच्याशी अबोला धरलास, मैदानातसुद्धा. बचावपटूला पुढचं दिसतं. त्याच्या पाठीमागून कोण येतंय, हे फक्त तुला दिसतं. तुला प्रत्येक संकट येताना दिसत होतं. तू ते येऊ दिलंस, आणि मग फार सुंदर अडवलंस. लोकांच्या टाळ्या खोट्या नव्हत्या. पण ज्या संकटांतून तू आम्हाला सोडवलंस, त्यांतली कितीतरी तुझ्या गप्प बसण्यानं आली होती."

"मला सांगायचं होतंत."

"दोनदा सांगितलं. तू म्हणालास, अडवतोय ना मी?"

शिष्याने विचारले, "ती माणसं परत येतील?"

"माहीत नाही. बहुधा नाही. माझं चुकलं असेल, तर तुझं फार मोठं नुकसान करून चुकलंय."

ती माणसे परत आली नाहीत.

पुढच्या सरावाला शिष्य गोलमध्ये उभा राहिला. समोर दिगू होता. डावीकडून चेंडू येत होता, आणि दिगूच्या पाठीमागून एक खेळाडू मोकळा धावत निघाला होता.

"दिगू... मागं बघ."

आवाज घोगरा होता, जणू बरेच दिवस न वापरलेला. दिगू दचकून वळला आणि त्याने चेंडू दूर धाडला. मग मागे न पाहताच त्याने एक हात वर केला. फटका आलाच नाही. टाळीही कोणी वाजवली नाही.

पुढे दोन वर्षांनी एका लहान क्लबने त्या गोलरक्षकाला करारावर घेतले आणि खेळ सोडेपर्यंत तो तिथेच राहिला. त्याचा फोटो क्वचितच छापून आला. त्या मोठ्या क्लबचा विचार प्रशिक्षकांना अखेरपर्यंत छळत राहिला; आपण बरोबर होतो, असे ते कधीही म्हणाले नाहीत.

ज्याच्याकडे राखण सोपवलेली असते, त्याने आपल्या पराक्रमाचे प्रसंग आठवताना, त्यांतले किती आपल्या एका शब्दाने टळले असते, हेही स्वतःला विचारावे.