पावसाळा न पाहिलेलं घर

चिपळूणच्या सुनंदाबाई गुरव नवं घर बघायला गेल्या, तेव्हा ते बांधणारे खेडेकरशेठ भिंतीवर थाप मारून म्हणाले, "बाई, शंभर वर्षं ओल येणार नाही!"

चकचकीत नळ, गुळगुळीत फरशी, सगळं बाईंच्या मनात भरलं होतं. पण जुन्या घरात गळतीखाली बादली कुठे ठेवायची ते तरी ठाऊक असतं. या घरानं अजून एक पावसाळाही पाहिला नव्हता.

"शेठ, शंभर वर्षं राहू द्या. यंदाच्या पावसाळ्यात तुम्हीच सहकुटुंब इथं राहा. दसऱ्याला तुम्ही म्हणाल त्या किमतीला घेते."

"छे छे! आमच्या आईला दमा आहे, ओल सोसत नाही!" शेठ बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

बाईंनी किल्ली परत दिली. "जपा आईंना. माझ्या सासूबाईंनाही दमाच आहे."