भाच्याचा अचूक नेम

हिंगणवाडीचा बेसबॉल संघ सलग नऊ सामने हरला होता. उद्या दहावा हरला की जिल्हा संघटना नाव कापणार होती. खेळाडू मैदानात तेराव्याला जमल्यासारखे बसले होते आणि कुणी कुठे उभं राहायचं यावरून पुटपुटत भांडत होते.

तेवढ्यात अध्यक्ष बापूसाहेब झांबरे भाच्याला घेऊन आले. बेसबॉल आणि लगोरी यांतला फरक त्यांना अजून कुणी सांगितला नव्हता. "उद्या चेंडू आमचा भाचा निनाद टाकणार," ते म्हणाले. "रोज टाकतो त्या मुक्तारामला लांब उभं करा."

दगडू खैरनारने बरगड्या चाचपल्या. फलंदाजामागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा कॅचर तोच. सकाळी निनादने तीन चेंडू टाकले होते. दोन दगडूच्या बरगड्यांवर बसले, तिसरा चहाच्या टपरीवर.

"बापूसाहेब, नेम कसा आहे हो पोराचा?"

"अरे, डोळे मिटून टाकला तरी चेंडू ग्लोव्हमध्येच."

"मग मिटलंच." दगडूने तोंडावरची जाळी काढून काखेत मारली आणि ग्लोव्ह अध्यक्षांच्या हातात दिला. "एकच चेंडू तुम्ही झेलून दाखवा. जाळी काही लागायची नाही तुम्हाला."

बापूसाहेब हसत हसत बसले. समोर निनादने हात मागे नेला. बापूसाहेबांनी नव्या कवळीवरून जीभ फिरवली आणि ते गुडघे धरून उठले.

"मुक्तारामच टाकू दे," ते म्हणाले. "निनाद लांबच शोभतो."

ते गेल्यावर मुक्तारामने विचारलं, "तरी हरलो तर, दगडूभाऊ?"

"हरूच की," दगडू जाळी चढवत म्हणाला. "पण आपापल्या पायांनी घरी जाऊ."